दुसरा हप्ता का रखडतो

संघर्षग्रस्त भागात शांततेचं काम करणाऱ्या संस्थेला अनुदानाचा दुसरा हप्ता उशिरा मिळाला, की दोष देणगीदाराच्या दिरंगाईचा, असं म्हटलं जातं. कधी असेलही, पण गाठ बहुधा आपल्याच खर्चाच्या अहवालात असते. आधीच्या हप्त्याचा ७०-७५ टक्के खर्च दाखवल्याशिवाय पुढचा सुटत नाही, अशी अट अनेक करारांत असते. शांततेच्या कामात तर तारखाच टिकत नाहीत. रस्ता बंद झाला की गावबैठक महिनाभर पुढे जाते, खर्च ४० टक्क्यांवर अडतो आणि पगार मात्र चालूच. म्हणून हप्ते लहान मागा, आणि वाढीव निधीशिवाय मुदतवाढ हवी असेल तर निदान दोन महिने आधी लिहा.

बैठकीला येणाऱ्यांच्या प्रवासभत्त्याच्या सह्यांची यादी हे खरं दुखणं. लेखापरीक्षकाला नाव, गाव, सही हवी. चुकीच्या हातात पडली तर तीच यादी जिवावर बेतते. मूळ यादी कुलपात, अहवालात फक्त सांकेतिक क्रमांक, आणि मूळ प्रत जागेवरच तपासली जाईल, हे देणगीदाराकडून सुरुवातीलाच लेखी घ्या. नंतर कोणी ऐकत नाही.

'संयुक्त राष्ट्रांच्या २६६४ ठरावामुळे निर्बंधांची चिंता नाही' असंही म्हणतात, ते मात्र पटत नाही. सुरक्षा परिषदेच्या २०२२ च्या त्या ठरावातली सूट निर्बंधांच्या यादीतल्यांची मालमत्ता गोठवण्यापुरती आहे, तीही मानवतावादी मदत आणि मूलभूत मानवी गरजांसाठी. सशस्त्र गटांशी संवाद त्यात आपोआप बसत नाही. त्या यादीशी नावांची छाननी करावीच लागते, उपाहार पुरवणाऱ्या ठेकेदाराचीसुद्धा.