सत्याच्या बदल्यात माफी : हा सौदा न्याय्य म्हणता येईल का?

धरमपेठकर (धागाकर्ता)
ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केले, तेव्हापासून नागपुरात ‘रक्ताचा हिशेब न घेता माफी कशी देता?’ हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. गडचिरोलीत राजवट बदललेली नाही, त्यामुळे थेट तुलना मी करणार नाही. पण या वादात दक्षिण आफ्रिकेचा दाखला ‘सगळ्यांना सोडून दिले’ अशा थाटात दिला जातो, तो चुकीचा आहे. वर्णभेदी राजवट संपवण्यासाठीच्या १९९३ च्या वाटाघाटींच्या वेळी पोलीस आणि लष्कर जुन्याच हातांत होते आणि त्यांना सरसकट माफी हवी होती. ती न देता, ज्याने त्याने स्वतः अर्ज करावा, कृत्यामागे राजकीय हेतू होता हे दाखवावे आणि संपूर्ण सत्य सांगावे, अशा अटी घातल्या गेल्या. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि सलोखा आयोगाकडे माफीचे ७,११२ अर्ज आले, त्यांपैकी ८४९ मंजूर झाले. कित्येक कुटुंबांना आपला माणूस कुठे पुरला आहे, हे प्रथमच कळले. खटले भरले असते तर आरोपी गप्प राहिले असते.

सदरचा वकील
आकडे बरोबर आहेत, परंतु आपण अर्धीच गोष्ट सांगितली. माफीसाठी पश्चात्तापाची अट नव्हती. शिवाय माफी मिळाली की फौजदारी खटल्याबरोबरच नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही संपत असे. याविरुद्ध पोलीस कोठडीत मारले गेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांसह काही जण घटना न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये हरले. त्याहून गंभीर बाब म्हणजे ज्यांचे अर्ज फेटाळले गेले, त्यांचे पुढे काय झाले? १९८५ मध्ये क्रॅडॉक येथील चार कार्यकर्त्यांची हत्या करणाऱ्या पोलिसांना १९९९ मध्ये माफी नाकारली गेली, तरी त्यांच्यावर खटला चालला नाही आणि ते एकेक करून मरून गेले. आयोगाने सुमारे ३०० प्रकरणे अभियोग यंत्रणेकडे सोपवली होती. ती दडपली गेली का, हे तपासण्यासाठी २०२५ मध्ये, म्हणजे पीडितांची एक पिढी संपत आल्यावर, नवा चौकशी आयोग नेमावा लागला. ‘सत्य सांगा, नाहीतर खटला’ या सौद्यातील दुसरा भाग पाळायचाच नसेल, तर पहिल्याला अर्थ काय? अर्जेंटिनाने १९८५ मध्ये लष्करशहांना न्यायालयात उभे केले आणि व्हिडेला याला जन्मठेप झाली.

धरमपेठकर
वकीलसाहेब, खटले न भरल्याचा दोष मला मान्य आहे. तो माफीच्या कायद्याचा नसून नंतरच्या सरकारांचा आहे. अर्जेंटिनाचे मात्र पुढचेही पाहा. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात हरलेले लष्कर नामोहरम झाले होते, म्हणून तो खटला शक्य झाला. तरीही १९८६ आणि १९८७ च्या कायद्यांनी पुढील खटले थांबवले गेले, राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी दोषींना माफी दिली आणि हे कायदे मोडीत निघायला २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. जोहान्सबर्गजवळच्या केम्प्टन पार्कमधील वाटाघाटी करणाऱ्यांसमोर पराभूत लष्कर नव्हते.

इतवारीची वाचक
आपण दोघेही वरच्या लोकांबद्दल बोलत आहात. रवांडात १९९४ च्या तुत्सींच्या वंशसंहारात मारेकरी शेजारीच होते आणि नंतर लाखाहून अधिक आरोपी तुरुंगांत कोंबलेले होते. तेथे सुमारे १२,००० गावन्यायालयांनी, ज्यांना गाचाचा म्हणतात, २०१२ पर्यंत जवळपास १९ लाख प्रकरणे निकाली काढली.

सदरचा वकील
ताई, आरोपीला वकील नाही, न्यायाधीश गावानेच निवडलेले आणि विजयी पक्षाच्या सैनिकांचे गुन्हे कक्षेबाहेर. यास मी न्यायालय म्हणणार नाही.

इतवारीची वाचक
न म्हणा. नियमित न्यायालयांत ते आरोपी निकालाआधीच म्हातारे झाले असते.

महालकर
गडचिरोलीकडे परत येतो, कारण मला खटकते ते वेगळेच आहे. खबऱ्या असल्याच्या संशयावरून ज्या आदिवासींना मारले गेले, त्यांच्या घरच्यांसमोर आत्मसमर्पित व्यक्तीने उभे राहून काय घडले ते सांगावे, अशी अट पुनर्वसनाला जोडलेली नाही. बक्षिसाची रक्कम आणि घर मिळते, सत्य कोणी मागत नाही. (चकमकींबाबत सरकारी बाजूकडूनही ते मागायला हवे, त्यावर येथे कुणी अवाक्षर काढत नाही.) कोलंबियात सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांच्यातील २०१६ च्या शांतता करारानंतरच्या विशेष न्यायालयाने दोन्ही बाजूंना एकाच मापाने मोजले: संपूर्ण सत्य सांगणाऱ्याला तुरुंगाऐवजी पाच ते आठ वर्षांची निर्बंधांची शिक्षा, खोटे बोलणाऱ्याला वीस वर्षांपर्यंत तुरुंगवास. लष्कराने २००२ ते २००८ दरम्यान ६,४०२ निरपराध नागरिकांना मारून त्यांना बंडखोर म्हणून दाखवले, हे तेथेच नोंदले गेले.

सदरचा वकील
महालकर, ही रचना मला दक्षिण आफ्रिकेपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात शिक्षा शून्यावर येत नाही. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये फार्कच्या सात माजी नेत्यांना २१,००० हून अधिक अपहरणांसाठी जी आठ वर्षे मिळाली, ती त्यांनी सुरुंग काढणे आणि बेपत्तांचा शोध घेणे अशा कामांत घालवायची आहेत. ओलीस ठेवलेल्यांपैकी अनेकांनी याला शिक्षा मानायला नकार दिला आहे. धागाकर्ते त्यांना काय उत्तर देतील?