टाळेबंदी, लस आणि बातम्या : सोलापूरकरांनी लिहिलेले अनुभव

मार्च 2020 पासून पुढची पावणेदोन वर्षे सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात ज्यांनी निर्बंध सोसले, लसीसाठी रांगा लावल्या आणि बातम्या पाहिल्या, त्यांनी आपले अनुभव लिहून पाठवावेत असे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या लेखनात राग आहे आणि तो जसाच्या तसा ठेवला आहे. घरात बसावे लागले याबद्दल मात्र फार थोड्यांनी तक्रार केली आहे. निर्णय कोणत्या कारणाने झाला, तो किती दिवस चालणार आणि त्यातून काय साधले, हे वेळेवर आणि समजेल अशा रीतीने कोणी सांगितले नाही, ही खंत मात्र जवळजवळ प्रत्येकाने मांडली आहे. लिहिणाऱ्यांची नावे, तसेच त्यांनी उल्लेख केलेल्या संस्था, रुग्णालये आणि कंपन्यांची नावे आम्ही वगळली आहेत.

यंत्रमाग कामगार, पूर्व भाग

24 मार्च 2020 रोजी रात्री आठ वाजता देशभरातील टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री लागू झाली. आमच्या कारखान्यातले माग 22 मार्चच्या जनता कर्फ्यूपासूनच बंद होते. आमची मजुरी उतरलेल्या मालावर असते, त्यामुळे माग थांबला त्याच दिवशी मिळकतही थांबली. मालकाने सुरुवातीचे काही आठवडे उचल दिली. पुढे त्यालाही ते जमेना, कारण तयार टॉवेल आणि चादरी गोदामात पडून होत्या आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांकडून येणे वसूल होत नव्हते. त्याला मी दोष देत नाही.

माग कसेबसे सुरू झाले आणि जुलैमध्ये शहरात पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी आली. तीही आम्ही पाळली. त्या दहा दिवसांनी संसर्ग किती आटोक्यात आला, पुढे काय करायचे ठरले, हे आमच्या वस्तीत येऊन कोणीही सांगितले नाही. रोज किती नग उतरले याचा हिशेब ठेवणारा मी माणूस आहे. मला आकडे कळतात. ज्यांच्या मजुरीवर निर्णयाचा भार पडतो त्यांना त्या निर्णयाचा हिशेब मिळायला हवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, विडी कामगाराची मुलगी

माझी आई आणि दोन्ही मावश्या विड्या वळतात. हे काम घरी बसूनच होते. सकाळी कारखान्याच्या शाखेतून पाने, तंबाखू आणि सूत आणायचे, घरी विड्या वळायच्या आणि तयार माल शाखेत नेऊन द्यायचा, असा क्रम असतो. टाळेबंदीत शाखा बंद झाल्या आणि हजारो घरांतले काम थांबले, जरी ते काम करण्यासाठी कोणालाही घराबाहेर बसावे लागत नव्हते. गर्दी होत होती ती पाने घेण्याच्या आणि माल देण्याच्या वेळी. त्यासाठी गल्लीवार वेळा ठरवता आल्या असत्या, माल दारापर्यंत पोहोचवता आला असता. या मागण्या त्या वेळी झाल्या, निवेदने दिली गेली. पण निर्णय होईपर्यंत आमच्या घरातले साठवलेले पैसे संपले होते. रेशनचा तांदूळ मिळाला आणि त्याने आम्हाला तारले, हेही लिहिले पाहिजे. मात्र तेल, गॅस आणि घरभाडे तांदळाने भागत नाही.

दुसरी गोष्ट कर्जाच्या हप्त्यांची. आमच्या गल्लीतील बहुतेक बायकांनी गटाच्या नावाने छोटी कर्जे घेतलेली आहेत. रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 अखेरीस हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि नंतर ती ऑगस्टपर्यंत वाढवली. आमच्या बायकांना हे कोणी सांगितले नाही. वसुलीसाठी फोन येत राहिले, आणि पुढे ढकललेल्या हप्त्यांवरही व्याज चढत राहते, हे तर कित्येकींना वर्षभराने समजले. आईला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. घरात आम्ही तेलुगू बोलतो. सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी किती घरे आहेत हे प्रशासनाला ठाऊक आहे. घंटागाडीवरच्या ध्वनिक्षेपकावरून हात धुण्याची सूचना रोज यायची. हप्त्यांच्या सवलतीची माहिती त्याच ध्वनिक्षेपकावरून तेलुगूत एकदा जरी दिली असती, तरी माझ्या आईने सोन्याचे मणी विकले नसते.

वृत्तपत्र विक्रेता, नवी पेठ

एप्रिल 2020 मध्ये राज्य सरकारने वृत्तपत्रे घरोघरी टाकण्यावर बंदी घातली आणि काही दिवसांतच ती बऱ्याच भागांत शिथिल केली. बंदी उठली तरी गिऱ्हाईक परतले नाही, कारण कागदातून संसर्ग होतो ही भीती तोपर्यंत घराघरात बसली होती. माझ्या ओळीतली अनेक मुले हा धंदा सोडून गेली.

निवृत्त लिपिक, जुळे सोलापूर

वृत्तवाहिन्यांबद्दल मला लिहायचे आहे. 2020 च्या जुलै-ऑगस्टमध्ये आमचे शहर रुग्णांनी आणि मृत्यूंनी हैराण होते, आणि त्याच काळात राष्ट्रीय वाहिन्यांवर दिवसरात्र एका चित्रपट अभिनेत्याच्या मृत्यूची चर्चा चालली होती. सोलापूर पडद्यावर दिसायचे ते खाली सरकणाऱ्या पट्टीत, एका आकड्यापुरते. त्या आकड्यावरही विश्वास ठेवणे कठीण झाले होते, कारण जून 2020 मध्ये शहराच्या मृतांच्या संख्येत आधी न नोंदवलेले 40 मृत्यू एकदम मिळवण्यात आले. उशिरा का होईना, नोंद दुरुस्त झाली हे चांगलेच झाले; पण ही चूक कशी झाली आणि ती पुन्हा होणार नाही यासाठी काय केले, याचा पाठपुरावा मोठ्या वाहिन्यांपैकी कोणी केल्याचे मला आढळले नाही. स्थानिक वार्ताहरांना मात्र मी या तक्रारीतून बाजूला ठेवतो. कोणत्या रुग्णालयात खाटा शिल्लक आहेत, कोणत्या केंद्रावर लस आली आहे, हे आम्हाला त्यांच्यामुळेच कळत होते, आणि त्यासाठी ते रोज बाहेर फिरत होते.

महाविद्यालयीन अध्यापक, विजापूर वेस परिसर

मार्च-एप्रिल 2020 मध्ये दिल्लीच्या मरकजमधील तबलिगी जमातीच्या मेळाव्याची बातमी ज्या सुरात दाखवली गेली, तिचा परिणाम आमच्या गल्लीत दुसऱ्याच दिवशी दिसला. वर्षानुवर्षे येणाऱ्या भाजीवाल्याला शेजारच्या वसाहतीत नाव विचारून परत पाठवण्यात आले. मेळावा झाला होता, त्यातून संसर्ग पसरला होता, हे मी नाकारत नाही. पण आजाराची बातमी सांगता सांगता एका समाजाला आजाराचे कारण ठरवले गेले. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांच्याविरुद्ध माध्यमांतून झालेल्या प्रचारावर स्पष्ट शब्दांत टीका केली. ज्या वाहिन्यांनी एप्रिलमध्ये तासन्‌तास चर्चा घडवल्या, त्यांनी या निकालाला किती वेळ दिला, याची ज्याची त्याने आठवण करून पाहावी.

याचा एक परिणाम कमी बोलला जातो. आरोग्य कर्मचारी पुढे सर्वेक्षणासाठी वस्तीत आले, तेव्हा लोक ताप असल्याचे सांगायला घाबरत होते. आपले नाव यादीत गेले की उद्या आपली गल्ली पडद्यावर दिसेल, अशी भीती होती. त्या भीतीने किती जण उशिरा रुग्णालयात पोहोचले, हे मोजण्याची सोय नाही. पण मी अशी घरे पाहिली आहेत.

प्राथमिक शिक्षिका

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सप्टेंबर 2020 मध्ये सुरू झाली आणि आम्ही तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेलो. वरच्या अध्यापकांनी लिहिलेली भीती मीही अनुभवली. लोक विचारत, "बाई, नोंद केल्यावर पुढे काय होणार?" आणि त्याचे ठाम उत्तर आम्हालाही दिलेले नव्हते.

*लसीकरणावर सर्वांत अधिक लेखन आले. त्यातले बरेचसे एकसारखे असल्यामुळे तीनच अनुभव येथे घेतले आहेत. पहिला अनुभव रांगेच्या पलीकडच्या बाजूचा आहे आणि तो वाचल्याशिवाय पुढचे दोन वाचू नयेत, असे आम्हाला वाटते.*

आरोग्य सेविका, ग्रामीण केंद्र

16 जानेवारी 2021 रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा आम्हा कर्मचाऱ्यांना बोलावून बोलावून लस द्यावी लागत होती. 1 मार्चपासून ज्येष्ठ नागरिक, 1 एप्रिलपासून 45 वर्षांवरील सर्वजण आणि 1 मेपासून 18 वर्षांवरील सर्वजण पात्र ठरले. प्रत्येक टप्प्याची घोषणा आधी दूरचित्रवाणीवर व्हायची आणि सकाळी लोक आमच्या दारात उभे असायचे. आमच्याकडे किती मात्रा येणार हे आम्हालाच आदल्या रात्री उशिरा समजत असे. पहाटेपासून रांगेत असलेल्या वृद्ध माणसाला "आज लस आलेली नाही" हे सांगण्याचे काम ज्यांनी घोषणा केली त्यांच्याकडे नव्हते, ते आमच्याकडे होते. शिव्या आम्ही खाल्ल्या.

लोकांना न सांगितलेली आणखी एक गोष्ट अशी, की कोव्हिशिल्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत आणि कुपी उघडल्यावर चार तासांत त्या वापराव्या लागत. दुपारी चार-पाच जणच उरले की नवी कुपी उघडावी की त्यांना उद्या बोलवावे, हा प्रश्न रोज पडायचा. बसवून ठेवले तर लोकांना वाटायचे की ओळखीच्या माणसांसाठी लस राखून ठेवली आहे. केंद्राच्या दारावर याची चार ओळींची पाटी लावावी, असे मी सुचवले होते. ती लागली, पण गर्दी ओसरल्यानंतर.

मे महिन्यात दोन मात्रांमधले अंतर 12 ते 16 आठवडे करण्यात आले. त्याआधी मार्चमध्ये ते 6 ते 8 आठवडे झाले होते आणि सुरुवातीला 4 ते 6 आठवडेच होते. अंतर वाढवल्याने संरक्षण चांगले मिळते, असे सांगणारा अभ्यास होता आणि मला तो पटलाही. पण लस अपुरी असतानाच हा बदल आल्यामुळे, तुटवडा झाकण्यासाठी हे चालले आहे असे लोक मानू लागले, आणि त्यांचे शंकानिरसन करायला जाणकार माणूस गावापर्यंत आला नाही.

तरुण शेतकरी, मोहोळ तालुका

मे 2021 मध्ये आमच्या गावच्या केंद्रावर लस घ्यायला शहरातून मोटारी येत होत्या. कोविन संकेतस्थळावर वेळ उघडली की काही क्षणांत संपायची. आमच्याकडे नेटवर्क धड नाही आणि संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत होते. मराठी आणि इतर भाषा जूनमध्ये आल्या. शहरातल्या माणसांवर माझा राग नाही, त्यांनाही लस हवी होती. ज्या केंद्रासाठी आमच्या ग्रामपंचायतीने जागा दिली, तिथे गावातल्या माणसाला वेळ मिळत नाही, याची व्यवस्था करणाऱ्यांनी आधी कल्पना करायला हवी होती. पुढे 18 ते 44 वयोगटाचे लसीकरणच राज्याने थांबवले आणि उपलब्ध लस मोठ्या वयाच्या लोकांच्या दुसऱ्या मात्रेसाठी वळवली. तो निर्णय योग्य होता असे मी आजही म्हणेन.

गृहिणी, बाळे

आम्ही सासूबाईंना खासगी केंद्रात पैसे भरून लस दिली, कारण सरकारी केंद्रातली रांग त्यांना झेपणारी नव्हती. शेजारच्या मावशींना ते परवडत नव्हते. 21 जूनपासून केंद्र सरकारने सर्व प्रौढांसाठी मोफत लस पुरवली. हेच धोरण मे महिन्यात का नव्हते, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

प्रासादिक वस्तूंचे दुकानदार, पंढरपूर

17 मार्च 2020 पासून विठ्ठल मंदिर दर्शनासाठी बंद झाले. 1 जुलैच्या आषाढीला संतांच्या पालख्या एस. टी.ने आल्या आणि गावात संचारबंदी होती. आमची वर्षाची कमाई चार वाऱ्यांवर आणि त्यातही आषाढीवर असते. बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे भरून ठेवलेले दुकान आम्ही बंद ठेवले आणि त्याबद्दल कुरकुर केली नाही, कारण वारकऱ्यांच्या जिवाचा प्रश्न होता. कार्तिकीलाही तसेच झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये माघी वारीलाही मंदिर बंद ठेवून संचारबंदी लावण्यात आली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, 17 एप्रिलला, पंढरपूर-मंगळवेढा विधानसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली. राज्यात 14 एप्रिलच्या रात्रीपासून कडक निर्बंध लागू झाले होते, दुसरी लाट जोरात होती, आणि आमच्या तालुक्यात त्याआधीचे कित्येक दिवस सर्व पक्षांच्या सभा भरत होत्या. माळकऱ्याला जे गाव बंद होते ते प्रचाराला उघडे होते. निकालानंतरच्या आठवड्यांत आमच्या पेठेत ज्या घरांतून माणसे गेली, ती सगळी सभेमुळेच गेली असे मी म्हणणार नाही. पण 2021 च्या आषाढीला पुन्हा संचारबंदीचा आदेश आला, तेव्हा तो ऐकताना माझ्या मनात पहिल्या वर्षीची श्रद्धा उरली नव्हती. नियम सर्वांना सारखा असेल तर माणूस उपाशी राहूनही तो पाळतो, हे पंढरपूरने 2020 मध्ये दाखवले होते.

वडील गमावलेली मुलगी, सात रस्ता

एप्रिल 2021 मध्ये माझे वडील गेले. आरटीपीसीआर अहवाल निगेटिव्ह होता, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसे खूप बाधित दिसत होती आणि उपचार कोविडचेच चालू होते. रेमडेसिवीरसाठी भावाने जिल्ह्याबाहेरही शोध घेतला. ते औषध प्राण वाचवते असे सिद्ध झालेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच सांगितले होते, हे मला नंतर वाचनातून समजले. रुग्णालयाने चिठ्ठी हातात दिली आणि आम्ही धावलो. त्या धावपळीत वडिलांजवळ बसायचे राहून गेले.

मृत्यूच्या कागदावर कारण न्यूमोनिया असे आले. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना 50,000 रुपये देण्याच्या योजनेला मान्यता दिली, तेव्हा आमचा अर्ज त्या कारणावरून अडला. रुग्णालयात तपासण्यांवरून झालेले निदानही ग्राह्य धरावे, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे, आणि तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर समिती होती. ही माहिती मला खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने दिली नाही. ओळखीच्या एका वकील काकांनी दिली. सीटी स्कॅनचा अहवाल, औषधांची देयके आणि दाखल केल्याचा कागद जोडून पुन्हा अर्ज केल्यावर तो मंजूर झाला. ज्यांचे अर्ज अशाच कारणावरून फेटाळले गेले, त्यांनी आपले कागद फेकून देऊ नयेत आणि समितीच्या निर्णयाची लेखी प्रत मागून घ्यावी, यासाठी मी हे लिहीत आहे.

*सांगोला, मंगळवेढा आणि अक्कलकोट तालुक्यांतून अजून फारच थोडे लेखन आले आहे. सीमेपलीकडे कलबुर्गी आणि विजयपूरला ज्यांचे नातेवाईक आहेत आणि पास किंवा तपासणी अहवाल नसल्यामुळे जे लग्नाला अथवा अंत्यविधीला पोहोचू शकले नाहीत, त्यांनी अवश्य लिहावे. कन्नड, तेलुगू किंवा उर्दूत लिहिले तरी चालेल. मराठी करून घेण्याची जबाबदारी आमची.*