मदत हवी आहे: मुलींच्या शिक्षणाचा निधी वाढला, आता ट्रस्ट करावा का?

आमची दहावीची 1998 ची बॅच, माण तालुक्यातली. 2018 च्या दिवाळीत ग्रुपवर एकाने सहज लिहिलं, गावातल्या एका मुलीला नर्सिंगला जायचंय, भाऊबीजेची ओवाळणी समजून पैसे टाका. अठरा हजार जमले. मग दर भाऊबीजेला जमवत गेलो. यंदा साडेतीन लाख झाले आणि मुली अकरा.

फीचा प्रश्न बराच सुटलाय. 2024 पासून वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकार भरतं. अडतं ते खोलीभाडं आणि मेसवर. (एकीने पहिलं सत्र एकवेळच्या डब्यावर काढलं, हे आम्हाला नंतर कळलं.) म्हणून पैसे थेट मेसवाल्या काकूंना पाठवतो.

गोची अशी, की सगळी रक्कम एका मैत्रिणीच्या बचत खात्यात जमा होते. तिच्या सीएने पासबुक बघून कपाळाला हात लावला. ती वैतागलीय, आणि तिचं बरोबरच आहे.

निम्मे म्हणतात ट्रस्ट करू. बाकीचे म्हणतात, हिंगण्याची कर्व्यांची संस्था 1896 पासून उभी आहे, भाऊबीज निधीची परंपरा त्यांचीच, तिकडेच देऊ. पण मग मेसवाल्या काकूंचा फोन आम्हाला कशाला येईल? शिवाय अमेरिकेतले चौघेही पैसे पाठवायचे म्हणतायत. ट्रस्ट चालवणाऱ्यांनो, कितपत कटकट असते?

प्रतिसाद: नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, 1950 च्या कायद्याखाली. ते एकदाच. खरी कटकट दरवर्षीची: ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट. देणगीदारांना करसवलत हवी तर आयकर खात्याची मंजुरी (80जी म्हणून ओळखली जाणारी) वेगळी काढावी लागते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही.

अमेरिकावाल्यांचे पासपोर्ट आधी विचारा. भारतीय असेल तर ग्रीन कार्ड असूनही बँकेतून खुशाल घ्या. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी ती परदेशी देणगी. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची केंद्र सरकारची नोंदणी, लागतं आणि नव्या ट्रस्टला ते लगेच मिळत नाही.

धागाकर्ती: बाप रे. चौघांतल्या दोघांनी मागच्याच वर्षी अमेरिकन नागरिकत्वाच्या शपथविधीचे फोटो टाकले होते. त्यांचे पैसे थांबवते.