आईबाबा गेल्यावरचा पहिला सण तुमच्या घरी कसा गेला?

यंदा आषाढात बाबा गेले. दारव्हा तालुक्यात आमचं गाव, घरी एकच बैलजोडी. पोळा आला तं सगळ्यायचं एकच म्हणणं, औंदा सण नाही, कढई चढवायची नाही. मी म्हटलं माणसायचा सण राहू द्या, पण वर्षभर राबलेल्या बैलायचा कसा राहू देता? आदल्या दिवशीची खांदशेकणी बाबाच करायचे, पळसाच्या पानानं खांद्याले हळद-तूप लावत म्हणायचे, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.' औंदा मी लावलं सगळं, पण आवतण तोंडातून निघेचना. मग माय गोठ्यात आली अन् ते आवतण तिनं म्हटलं, एवढ्या वर्षात तिनं ते कधी म्हटलं नव्हतं. तोरणाखाली जोडी मी नेली नाही, सालदारानं नेली, अन् तो परत आल्यावर बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, द्यायची वेळ आली तं मायनं खुंटीवरच्या बाबांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. घडी केलेल्या नोटा तशाच होत्या. तेव्हापासून डोक्यातून जात नाही म्हणून विचारतो. दिवाळी असो, आखाजी असो, जसं आठवते तसं लिहा.

आर्वीकडून

आई भादव्यात गेली, दिवाळी लगेच आली. घरी तळण नव्हतं पण शेजारच्या पाच घरून डबे आले, कोणी दारात बोलत उभं राहिलं नाही, डबा ठेवला अन् गेल्या, ते फार बरं वाटलं. मला लागलं ते वेगळंच. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवून कुटून गुळात मळायचं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण आई त्यात अजून काहीतरी करायची आणि ते मी कधी विचारलंच नाही. काकूला फोन केला, तिलाही माहीत नाही. अजून शोधतेय.

सिंदेवाहीकडून

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीपेक्षा मंडई, म्हणजे गावची जत्रा, मोठी. भाऊबीजेपासून एकेका गावची सुरू होते, रात्रभर नाटक, घरोघरी पाहुणे. बाबांना जाऊन तीनच आठवडे झाले होते. गावकरी विचारायला आले, नाटक पुढं ढकलायचं का? मी नको म्हटलं, बाबा कित्येक वर्षं गावच्या मंडळात पडदा ओढायचे. त्या रात्री दुसऱ्या पोरानं ओढला आणि तो अर्ध्यात अडकला. बाबांच्या हातून कधीच अडकला नव्हता. मी मागच्या मागं घरी आलो, खूप रडलो, पण घरात सोळा पाहुणे, त्यांच्या अंथरुणाचं पाहायचं होतं, मग उठलो.

अचलपूरकडून

एवढंच सांगते, पोरांपासून लपवू नका. आम्ही तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, नातवाला घरात बसवून ठेवलं, आजोबांनी करून दिलेला लाकडी बैल घेऊन तो दिवसभर दाराशी उभा होता. चूक झाली आमची.

राळेगावकडून

कापसाचा पहिला वेचा निघायच्या आधी आमच्याकडं सीतादही करतात, वावरात पऱ्हाटीची पूजा, दहीभाताचा निवद. हे काम आईचं. ती उन्हाळ्यात गेली. मी सासरहून आले तं बाबा आधीच वावरात जाऊन बसलेले, दहीभात स्वतःच कालवून आणला होता, जास्तच आंबट. मला म्हणाले, 'तुही माय इथं काय म्हणत होती वो?' मला नाही आठवलं. ती पुटपुटायची आणि आम्ही भाताकडं बघत राहायचो. शेवटी काहीच न म्हणता निवद ठेवला अन् दोघं वेचायला लागलो. बाबांनी कमरेला आईचंच फडकं बांधलं होतं.