मदत हवी आहे: बाबांना घेऊन लिस्बन, ६ दिवस, आणि शहर सगळं चढउताराचं

नमस्कार मंडळी,

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी बाबांना घेऊन लिस्बनला जाते आहे. मुंबईहून दुबईमार्गे, ६ रात्रींचा मुक्काम. व्हिसाची तारीख मिळाली, त्यासाठी लागणारा ३० हजार युरोंचा विमाही काढून झाला. माझ्या शंका तिथे उतरल्यानंतरच्या आहेत.

आम्ही वसईचे. बाबा ७४ वर्षांचे, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. दर वर्षी पावसाळा संपला की नववीची मुलं घेऊन किल्ल्यात जायचे, कमानींवरची कोरीव अक्षरं दाखवायचे आणि मग चिमाजी अप्पांची १७३९ची मोहीम सांगायचे. मीही त्या मुलांमध्ये बसून ती ऐकली आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली वसईची घंटा त्यांनी आम्हाला तीनदा नेऊन दाखवली. आता म्हणतात, "घंटा इथून नाशिकला कशी गेली ते मला ठाऊक आहे. ती इथे टांगणारी माणसं कुठून निघाली होती, ते बघायचं राहिलंय." १५३४ पासून २०५ वर्षं आपल्या गावाचा पोर्तुगीज कारभार ज्या शहराच्या नावाने चालला, ते शहर त्यांना बघायचं आहे.

अडचण गुडघ्याची. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. सपाट रस्त्यावर पाऊण तास आरामात चालतात, चढही हळूहळू चढतात, पण उतरताना फार त्रास होतो. आणि लिस्बन म्हणजे सात टेकड्या, त्यात फुटपाथवर चुनखडीचे गुळगुळीत बारीक दगड, पावसात निसरडे होणारे. ३ सप्टेंबर २०२५ला ग्लोरिया फ्युनिक्युलरचा, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीचा, डबा घसरून १६ माणसं गेली. ती बातमी वाचल्यापासून आईने बजावून ठेवलं आहे की तसल्या गाडीत त्यांना बसवायचं नाही.

बाबांची यादी सहलीच्या कंपन्यांच्या यादीपेक्षा वेगळी आहे.

पहिलं बेलें, लिस्बनचाच नदीकाठचा भाग. तिथल्या जेरोनिमुश मठात वास्को द गामा आणि कवी कामोंइश यांच्या कबरी आहेत. मठाचं बांधकाम मसाल्याच्या व्यापारावरच्या कराच्या पैशातून झालं, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची मिरी त्या दगडांत गेली आहे, असं ते सांगतात. जवळच नदीकाठी बेलेंचा मनोरा, आणि त्याच्या एका बुरुजीखाली गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. गुजरातच्या मुझफ्फर शहाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला गेंडा भेट दिला, अल्बुकर्कने तो गोव्याहून राजा मानुएलकडे पाठवला आणि मे १५१५मध्ये तो जिवंत लिस्बनला उतरला. जर्मनीतल्या ड्यूरर या चित्रकाराने तो गेंडा कधी पाहिलाच नाही, ऐकीव वर्णनावरून चित्र काढलं आणि ते युरोपभर गाजलं. बाबांनी ते चित्र फळ्यावर काढून शिकवलेलं आहे. मनोरा २०२५मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाला होता. आत नाही जाता आलं तरी चालेल, पण गेंडा बाहेरून दिसतो का?

दुसरं तेजो नदीच्या काठावरचा प्रासा दु कोमेर्सिउ हा चौक. तिथे पूर्वी राजवाडा होता आणि तिथूनच हिंदुस्थानच्या व्यापाराचा सगळा हिशोब बघणारी 'कासा दा इंडिया' ही कचेरी चालायची. १ नोव्हेंबर १७५५च्या सकाळी भूकंप झाला, मागून समुद्र आत आला, आग लागली आणि सगळं गेलं. वसईचे कितीतरी कागद त्यात गेले असतील, ही बाबांची हळहळ. भूकंपात छप्पर उडालेलं कार्मु चर्च तसंच उघडं ठेवलं आहे, तेही बघायचं आहे.

तिसऱ्या ठिकाणासाठी खरं तर मी हा धागा काढला. मोहन रानडे. सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून गेले, गोवामुक्तीच्या लढ्यात १९५५मध्ये पकडले गेले आणि त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात ठेवलं. १९६१मध्ये गोवा मुक्त झाला तरी ते आतच होते. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं, मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराईंनी थेट पोपना गळ घातली, तेव्हा कुठे जानेवारी १९६९मध्ये ते सुटले. देश आपला, गोवा आपला, आणि हा माणूस परक्या मुलखात आणखी सात वर्षं. बाबांना त्या किल्ल्यासमोर दोन मिनिटं उभं राहायचं आहे. तिथे जाता येतं का? कोणी गेलं आहे का?

बाकीच्या शंका छोट्या. राहायला बायशा बरं की अल्फामा? फोटोत अल्फामा फार सुंदर दिसतं, पण पायऱ्या बघून धडकी भरते. साओ जॉर्ज किल्ल्यावर न चढता पोहोचता येतं का? २८ नंबरची ट्राम वयस्कांना झेपते का? लिस्बनजवळच्या सिंत्रा गावाला एक दिवस द्यावा का? आणि जेवण. बाबांनी माळ घातली आहे, पूर्ण शाकाहारी आहेत. सकाळी पाव-चहा चालेल, पण सहा दिवस काय?

ता. क. त्यांनी वहीत शब्दांची यादी केली आहे: पाव, बटाटा, चावी, साबण, कोबी, लिलाव, घमेलं. तिथे हे शब्द बोलून बघायचे आहेत. उच्चार कसे करायचे, कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी तिथे तीन वर्षं होते. राहायला बायशाच घ्या. भूकंपानंतर तेव्हाचा मंत्री पोंबाल याने आखलेला तो भाग सपाट आहे, रस्ते सरळ आणि मेट्रो पायाशी. विमानतळावरून लाल लाइन, आलामेदाला बदलून हिरवी. अल्फामात दुपारी एक फेरी मारा, पण वरून सुरुवात करू नका, उतार सगळा गुडघ्यावर येईल.

किल्ल्यासाठी दोन उपाय आहेत. प्रासा दा फिगेइराहून ७३७ नंबरची बस थेट वर जाते. नाहीतर रुआ दुश फांकेइरुशवरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. तिने वर येऊन थोडं पुढे गेलात की दुसरी लिफ्ट लागते, तीही फुकट. त्यानंतर थोडा चढ उरतो. शियादु या वरच्या भागात जायचं तर बायशा-शियादु स्टेशनातले सरकते जिने वापरा, खालून आत शिरायचं आणि थेट वर कामोंइशच्या पुतळ्याजवळ निघायचं. कार्मु चर्च तिथून जवळ. फ्युनिक्युलरची गरजच पडणार नाही, तुमच्या आईंना सांगा.

२८ची ट्राम मार्तिम मोनीशला, म्हणजे सुरुवातीच्या थांब्यावर, सकाळी लवकर पकडा, तरच बसायला मिळेल. गर्दीत पाकीटमार असतात, पासपोर्ट हॉटेलात ठेवा.

प्रतिसाद २

गेंडा बाहेरून दिसतो, पण पाच शतकांच्या वाऱ्यापाण्याने झिजलेला आहे. छोटी दुर्बीण न्या. बेलेंला १५ नंबरची ट्राम जाते, रस्ता नदीकाठचा आणि सपाट. सोमवारी जाऊ नका, मठ बंद असतो. कबरी चर्चच्या भागात आहेत, मठाचं अंगण वेगळं, त्याला तिकीट. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा चर्चमध्ये फिरता येत नाही.

काशियाशबद्दल: ती जागा आजही तुरुंगच आहे, आत जाता येणार नाही. पण बाबांना आल्जुबला नक्की न्या. से कॅथेड्रलला लागून जुना राजकीय तुरुंग आहे, २०१५पासून तिथे संग्रहालय आहे. हुकूमशहा सालाझारच्या काळातल्या अरुंद कोठड्या, पोलिसांच्या चौकश्या, वसाहतींमधले लढे, सगळं मांडलं आहे. मी तिथून बाहेर आलो तेव्हा बराच वेळ बोलावंसं वाटलं नाही. काशियाशचे राजकीय कैदी हुकूमशाही उलथवणाऱ्या एप्रिल १९७४च्या क्रांतीनंतर लगेच सोडले गेले, आणि ज्या चौकात त्या क्रांतीच्या दिवशी पंतप्रधान शरण आला तो चौक कार्मु चर्चच्या दारातच आहे. एकाच दिवसात दोन्ही बघून होईल. त्याच वर्षाच्या शेवटी पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं, हे बाबांना माहीत असेलच.

प्रतिसाद ३

जेवणाची काळजी करू नका. लुमियारला राधाकृष्ण मंदिर आहे, दीव आणि मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींनी उभारलेलं. तिथल्या कँटीनमध्ये शाकाहारी जेवण मिळतं. मार्तिम मोनीशला आपल्याकडचा किराणा मिळतो. बाहेर 'काल्दु वेर्द' नावाचं हिरव्या पाल्याचं सूप घ्याल तर आधीच सांगा, त्यात सॉसेजची चकती टाकतात. 'शमुसा' दिसला की तो आपला समोसा, पण आत बहुधा मांस असतं, विचारून घ्या.

सिंत्राचा पेना राजवाडा डोंगरावर आहे. स्टेशनवरून ४३४ची बस वर नेते, पण आतही चढउतार आहेत. मी असते तर तो दिवस पूर्वेकडच्या वस्तूंच्या संग्रहालयाला दिला असता, 'म्युझेउ दु ओरियेंत', आल्कांतारात.

उच्चार: पाव नाकातून, 'पांउ'. बटाटा जवळजवळ तसाच, फक्त टच्या जागी त. चावी 'शाव', साबण 'सबांउ', कोबी 'कोव', लिलाव 'लेइलांउ'.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बायशात खोली घेतली, लिफ्ट असलेली. सिंत्रा रद्द केलं. आल्जुब आणि कार्मु एकाच दिवशी ठेवलं आहे.

रात्री बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. काशियाशचं ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आत नको. बाहेरून तर बाहेरून. आगगाडी जाते ना तिथे, तेवढं विचार." तर हा एक शेवटचा प्रश्न: काइश दु सोद्रे स्टेशनहून कॅश्कैशच्या बाजूला जाणाऱ्या सगळ्या गाड्या काशियाशला थांबतात, की काही जलद असतात? आणि स्टेशनच्या बाहेर टॅक्सी मिळते का? किल्ल्यापर्यंतचा चढ त्यांना चालवत न्यायचा नाही.