नेपल्सला एकच दिवस असेल तर
क्रूझचं जहाज नेपल्सला लागलं की पाँपेई आणि पुढच्या किनाऱ्यावरची सोरेन्तो, अमाल्फी ही गावं एका दिवसात होतात, असं काही जण सांगतात. उरकता येईल हो, पण बघून होणार नाही. अमाल्फीचा रस्ता कड्याच्या कडेने वळणं घेत जातो, उन्हाळ्यात वाहतूक तुंबली की दुपार बसमध्येच जाते. मी अमाल्फी सरळ वगळेन.

आणि पाँपेईसारखंच गाडलं गेलेलं दुसरं रोमन गाव, हर्क्युलेनियम, त्याचं नाव कुणीच कसं काढत नाही? इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने दोन्ही गावं गाडली, पण हर्क्युलेनियमला तापलेल्या राखेच्या लोटांखाली लाकूड कोळसा होऊन टिकलं. त्यामुळे तुळया, जिने, सरकती दारं अजून दिसतात. पाँपेईत हे फारसं नाही. उत्खनन सुमारे २० मीटर खोल, वर आजचं एर्कोलानो गाव वसलेलं. जुन्या किनाऱ्यावरच्या कमानींत ३०० च्या आसपास सांगाडे सापडले, तिथे मात्र बोलणं आपोआप थांबतं. जागा लहान, दोन-तीन तासांत निवांत होते.

नेपल्स-सोरेन्तो चिर्कुमवेझुवियाना लोकलने 'एर्कोलानो स्कावी' स्टेशनला उतरा, नंतर त्याच मार्गाने पुढे सोरेन्तो. परत येताना मात्र गर्दीची लोकल नको, सोरेन्तोहून नेपल्सची बोट घ्या. नेपल्सच्या मोलो बेवेरेल्लो या बोटींच्या धक्क्याला उतरलात की क्रूझ जहाजांचा धक्का शेजारीच. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, आणि स्वतःच्या हिशोबाने फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. तेव्हा शेवटच्या बोटीवर विसंबू नका.