नंबर १ न झालेली रॉक गाणी, १९६७-६९

प्रश्न: चोरबाजारात जुन्या तबकड्या चाळायच्यात. वर पोचली नाहीत पण ऐकायलाच हवीत, अशी कोणती?

– क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडपासून सुरू करा. १९६९ची ‘प्राउड मेरी’, ‘बॅड मून रायझिंग’, ‘ग्रीन रिव्हर’ तिन्ही अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत २ वरच अडकली. (‘बॅड मून’ ब्रिटनमध्ये मात्र १!)

– आयर्न बटरफ्लाय या बँडचं ‘इन-अ-गड्डा-दा-विडा’ घेताय तर एलपीच (मोठी, लांब वाजणारी तबकडी) घ्या. तिथे १७ मिनिटं. सिंगलवर (छोट्या तबकडीवर) जेमतेम ३, ड्रम सोलो गायब.

– अमेरिकन ४५च्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीच्या) मधलं भोक दीड इंची असतं, अडॅप्टर लागेल. तबकडी उजेडात तिरकी धरून बघा. ओरखडा नखाला लागला, तर सुई तिथे उडी मारू शकते. केसांसारख्या बारीक रेघा चालतात, फक्त चरचर होते.

– वाकलेली मात्र फुकटातही नको.